'ईटिंग डिसऑर्डरवर पीएचडी म्हणजे वर्षं वाया'? अजिबात नाही

सायकॉलॉजीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की ईटिंग डिसऑर्डरवर (जेवण सोडणं, उलट्या काढणं असे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार) पीएचडी करू नका, हा श्रीमंत देशांचा आजार, इथे पेशंटच नाहीत, परदेशी प्रश्नावली मराठीत केली की झाला पेपर, आणि ज्याच्यात जिद्द आहे तो सपोर्टशिवाय पण टिकतो. पुण्यात या विषयावर नुकतीच सुरुवात केलेल्या कुणी हे वाचून विषय बदलू नये म्हणून लिहितेय.

पेशंट नाहीत म्हणे. १९९५ मध्येच खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी भारतातल्या पाच तरुणींच्या केसेस छापल्यात, जेवण सुटलेलं, उलट्या, वजन उतरलेलं, पाळी बंद, फक्त 'मी जाड दिसते' हे पुस्तकातलं लक्षण तसं नव्हतं. आजार होताच, व्याख्येत बसत नव्हता. अशी मुलगी आपल्याकडे आधी पोटाच्या डॉक्टरकडे जाते, मग गायनॅककडे.

दुसरं, 'परदेशी प्रश्नावली मराठीत करा, झाला पेपर'. हे वाचून खरंच राग येतो. १९८९ मध्ये किंग आणि भुगरा (हे दिनेश भुगरा आपल्या पुण्याच्या एएफएमसी मेडिकल कॉलेजात शिकलेले) यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना ईएटी ही खाण्याच्या सवयी तपासणारी प्रश्नावली दिली, तेव्हाच दिसलं की काही उत्तरं आजारातून नाही, तिथल्या रीतीभातींतून येतात. आता संकष्टी, एकादशी, नवरात्र धरणाऱ्या घरातल्या मुलीला 'भूक असून खाणं टाळतेस का' विचारलं आणि ती हो म्हणाली तर काय समजायचं? म्हणून भाषांतर, उलट भाषांतर (मराठीवरून परत मूळ भाषेत), थोड्या जणींवर पायलट, मग मुलाखती घेऊन पडताळणी, यात सहज वर्ष जातं आणि तोवर पीएचडीची कमिटी विचारते पेपर किती झाले.

पैशाचं, जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, तेही अनेकदा रखडतं. नसेल तर क्लासेस घ्या आणि रात्री थिसिस लिहा.

आणि जिद्द. अहो, जिद्द नसती तर हा विषय घेतलाच नसता कुणी! पोरं सोडून जातात ती एकटी पडतात म्हणून. गाईड चांगला असतो पण त्याचा विषय डिप्रेशन नाहीतर स्ट्रेस, मसुद्यावर नेमकं बोलणारं कुणी नाही. दिवसभर उपाशी राहणाऱ्या मुलींच्या मुलाखती ऐकून आपलंही जेवण बिघडतं, ते सांगायला जागा नाही. म्हणून विभागांना सांगणं, रजिस्ट्रेशनच्या वेळीच या विषयातला बाहेरच्या शहरातला को-गाईड मान्य करा, फील्डवर्क चालू असताना नियमित क्लिनिकल सुपरव्हिजन (ऐकलेलं अनुभवी तज्ज्ञाशी बोलायची जागा) द्या, प्रश्नावलीच्या पडताळणीला स्वतंत्र काम म्हणून धरा. आणि स्वतः या आजारातून गेलेली कुणी संशोधनाला आली तर प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यांसमोर 'तुझं पर्सनल आहे का' असं विचारू नका, तिच्या पद्धतीवर प्रश्न विचारा.