स्पीड डबल तर अंतर डबल? नाही हो, चौपट

गाडी थांबवण्याचं ‘सायन्स’ सांगणारा तो मेसेज परत फिरायला लागलाय. त्यात चार दावे आहेत: स्पीड डबल केला की थांबायचं अंतर डबल, जड गाडीत जास्त एनर्जी म्हणून ती उशिरा थांबते, हळूहळू ब्रेक दाबला की ब्रेकवर कमी एनर्जी जाते, आणि ताशी ५० किमीच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या म्हणजे १०० ने भिंतीवर आपटल्यासारखं. चारही गंडलेत, पण पहिला सगळ्यात डेंजर.

१) गतिज ऊर्जा, म्हणजे धावत्या गाडीतली एनर्जी, वेगाच्या वर्गावर चालते. १००० किलोची गाडी ५० ला असेल तर साधारण ९६ हजार ज्यूल, १०० ला ३ लाख ८६ हजार, म्हणजे चौपट. आता थांबायचं तर ही सगळी एनर्जी काढायची, म्हणजे तेवढं कार्य करायचं, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि टायरची पकड काही तुमचा स्पीड बघून वाढत नाही, बल साधारण तेवढंच राहतं, मग अंतरच चौपट होणार ना. कोरड्या रस्त्यावर बऱ्या टायरने दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरा, तर ५० वरून १४ मीटर लागतात आणि १०० वरून ५५, आणि हे फक्त ब्रेक लागल्यानंतरचं. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच, त्यात ५० वाला १४ मीटर पुढे सरकतो आणि १०० वाला २८ (एवढंच काय ते डबल होतं, मेसेजवाल्याने बहुतेक तेवढंच बघितलं). आता बेरीज करा. ५० वाला २८ मीटरवर थांबून उभा आहे आणि १०० वाला त्याच जागेवरून पूर्ण १०० ने जातोय, त्याचा पाय आत्ता कुठे ब्रेकवर पडतोय.

‘दहानेच तर वाढवला’ म्हणणाऱ्यांसाठी: ६० आणि ७० च्या गाड्यांनी एकाच जागी ब्रेक लावले तर ६० वाली थांबते तिथे ७० वाली अजून ३६ ला असते, १० ला नाही. ७० चा वर्ग ४९००, त्यातून ६० चा वर्ग ३६०० वजा करा आणि वर्गमूळ काढा.

२) जड गाडीत एनर्जी जास्त, हे खरं. पण वजन वाढलं की टायर रस्त्यावर तेवढाच जास्त दाबला जातो, घर्षण त्याच प्रमाणात वाढतं, आणि समीकरणात वस्तुमान दोन्हीकडून कटतं. मग भरलेला ट्रक का नाही पटकन थांबत? त्याच्या टायरची पकडच कारपेक्षा कमी असते, एअर ब्रेक लागायला जरा वेळ जातो, ओव्हरलोड असेल तर ब्रेकच पुरे पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते तापतात, कारण ही सगळी एनर्जी उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते. आपली १००० किलोचीच गाडी ५०० मीटर उंचीचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ४९ लाख ज्यूल होतात, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा थांबवण्याएवढे. उतारावर खालचा गिअर टाका म्हणतात ते उगाच नाही.

३) हळू दाबा नाहीतर करकचून, काढायची एनर्जी तीच. हळू दाबल्यावर थोडी हवा आणि इंजिन खातं आणि ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो, बस. करकचून दाबला तर ४ सेकंदांत ३ लाख ८६ हजार ज्यूल, म्हणजे जवळजवळ १३० हॉर्सपॉवर, जी बऱ्याच छोट्या गाड्यांच्या इंजिनातही नसते.

४) दोन सारख्या गाड्या, दोन्ही ५० ला. एनर्जी दुप्पट झाली पण चेपायला बॉनेटही दोन आहेत, म्हणजे प्रत्येकीला ५० ने भिंतीवर आदळल्याएवढंच. अर्थात तेही किरकोळ नाही, साधारण ६० सेंटीमीटरमध्ये ६० किलोच्या माणसाला थांबवायचं तर सुमारे एक टनाचा जोर लागतो, तो सीटबेल्टकडून घ्यायचा की स्टीअरिंगकडून एवढाच चॉइस. पण समोरून ९००० किलोचा ट्रक ५० ने आला तर हा हिशोब मोडतो: दोघं अडकून ४० ने गाडीच्या मागच्या दिशेला जातात, ट्रकचा वेग बदलतो १० ने आणि गाडीचा ९० ने. मेसेजमधल्या १०० च्या जवळ जाणारी ही एकच केस, तीही फक्त गाडीवाल्यासाठी.