आजी खुर्ची उचलून आत गेल्या

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. ओळखीतल्या एकीने अलिकान्ते शहरातल्या सांता क्रूझ या जुन्या वस्तीची रील टाकलीये, "स्पेनमधलं हिडन जेम, अजिबात गर्दी नाही!!" आणि स्वतः कुणाच्या तरी उंबऱ्यावर फतकल मारून बसलीये. अगं घर आहे ते, स्टुडिओ नाही!

मी गेले होते गेल्या एप्रिलात. बेनाकान्तिलचा डोंगर, माथ्यावर १६६ मीटरवर सांता बार्बारा किल्ला, आणि त्याच्या उतारावर ही वस्ती. पांढऱ्या भिंती, कुठे निळा पट्टा कुठे पिवळा, टाइल्स, पायरीपायरीवर कुंड्या, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटायचं. एका निळ्या दारासमोर मी फोन काढला. शेजारी पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजी, मांडीवर पातेलं, शेंगा सोलत होत्या. फोन दिसला तशा त्या उठल्या, पातेलं काखेत, खुर्ची हातात, आणि आत. रागावून नाही हो, हसून! माझ्या फोटोत अडचण नको म्हणून. स्वतःच्या दारातून!! आमच्या चाळीत कुणी असं केलं असतं तर आजीने बादली ओतली असती अंगावर.

गर्दी नाही म्हणे. माणसं बाजूला होतात ना तुमच्यासाठी.

किल्ल्याचं गाइड लोकांना पाठच असतं, ४ डिसेंबर १२४८, सेंट बार्बाराच्या दिवशी कॅस्टील या तेव्हाच्या स्पेनमधल्या राज्याच्या राजपुत्र अल्फोन्सोने अरबांकडून घेतला म्हणून ते नाव. पण मला वस्तीचं जास्त आवडलं. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी वरच्या देवळातून मूर्ती खांद्यावर घेऊन, आपली पालखीच म्हणा, लोक त्या उतारावरून धावत खाली येतात. धावत! मी कठडा धरून, एकेक पायरी मोजत उतरले होते.

बरं, टुरिस्टांमुळे चार हॉटेलं चालतात, मान्य. पण किती दारांना ती नंबरवाली किल्लीची डबी लटकत होती, म्हणजे घर टुरिस्टांना भाड्याने. तिथे शेंगा कोण सोलणार?

आणि मी कुठली मोठी शहाणी. आजींना थांबवलं नाही, दोन फोटो जास्तच काढले. आता रीलवर चिडून तेच उघडून बसलेय. दार सुंदर आलंय. डाव्या कोपऱ्यात खुर्चीचे दोन पाय आहेत, हवेत, आणि खाली एक शेंग पडलीये.