बाई म्हणे सिरियलनं बिघडली!

गणपती जवळ आले की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. यंदाही आली. मजकूर थोडक्यात असा: 'पूर्वी टीव्ही-मोबाईलची थेरं नव्हती, तेव्हा कोकणातली बाई उंबऱ्याच्या आत सुखी होती. सिरियलनी तिच्या डोक्यात वारं भरलं, ती बाहेर पडली नि पुरुषाची बरोबरी करू लागली.' खाली जोडलेल्या हातांची रांग, बहुतेक मुंबईकरांची.

उंबऱ्याच्या आत म्हणजे कुठे हो? नवरा गिरणीत, राहायला परळ-लालबागच्या खोलीत, गावी दर्शन गणपतीला नि शिमग्याला. मधले महिने भाताची लावणी, जोताला माणूस शोधणं, तलाठ्याकडचे हेलपाटे, सासऱ्याचं दुखणं हे कोण निस्तरायचं? मनीऑर्डर यायची खरी, पण ती पुढच्या मनीऑर्डरीपर्यंत पुरवायची बाईनंच. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात 1,000 पुरुषांमागे 1,100 हून जास्त बायका आहेत. बाकीचे पुरुष गेले कुठे, ते पोस्ट लिहिणाऱ्यानं स्वतःच्या रेल्वे तिकिटावर बघावं.

आणि टीव्ही नव्हता म्हणजे बाईनं कसं असावं हे कुणी दाखवत नव्हतं? तळकोकणात दशावताराची नाटकं होती, आमच्याकडे नमनाचे खेळ. रात्रभर पतिव्रता रडायची, गवळणी लाजायच्या, आणि साडीत सगळे बाप्ये. बाईची चाल, बाईची लाज पुरुषांनीच साडी नेसून बायकांना दाखवली. (कलाकार म्हणून ते थोर, यात वाद नाही. माझी आजी तर शपथेवर सांगे की पदर घ्यावा तो गवळणीसारखा. गवळण व्हायचा तिचाच चुलतभाऊ.)

सिरियल बंड शिकवतात म्हणणाऱ्यानं एक आठवडा बसून त्या बघाव्यात. चांगली सून पहाटे भरजरी साडीत उठते, सोसते, देवापुढे रडते. तिला नोकरी असली तर ऑफिस दिसतं, काम दिसत नाही. स्लीव्हलेस ब्लाउज नि गडद लिपस्टिक आली की समजायचं, कारस्थान शिजतंय. मासळीवाली आलीच तर कंबरेवर हात ठेवून भांडायला, नाहीतर हसवायला. यातून बंड कुठलं व्हायला?

मोबाईलचं म्हणाल तर बंदरावरच्या बायका त्यावर भाव विचारतात आणि रीलही बघतात. तुम्ही बघता तशाच.

टीव्हीचा परिणाम होतच नाही, असं मी म्हणणार नाही. होतो, पण पोस्टवाला म्हणतो त्याच्या बरोब्बर उलटा. हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन गावोगाव विकणारी आमच्या शेजारची काकू बँकेचा फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे आली होती. मनगटावर बांगड्याचे दोन खवले अजून चिकटलेले. 'व्यवसाय'च्या रकान्याशी मी थांबले.

"काय लिहू, काकू?"

"लिही गृहिणी."

"आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोण फिरतं?"

"तो काय व्यवसाय? टीव्हीतल्या बायका कशा, पर्स घेऊन जातात, तो व्यवसाय. आमचं आपलं पोटापाण्याचं."

त्या पाटीवर दोन पोरं शिकली, घरावर पत्रे जाऊन कौलं चढली. मी 'गृहिणी' न लिहिता 'मासळी विक्री' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं फॉर्म हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"टॅक्स तर नाय ना लागत गो यावर?"