सेहवाग आंधळा हाणत नव्हता

‘वीरेंद्र सेहवागला तंत्र असं नव्हतंच. पाय जागचे हलायचे नाहीत. पाटा खेळपट्टी मिळाली की हाणायचा, नाहीतर दहाव्या मिनिटाला तंबूत. जबाबदारी शून्य. लागला तर मटका.’ क्रिकेटचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं, आणि ज्यांनी त्याचा एकही डाव पूर्ण पाहिला नाही अशी पोरंही आता ते घोकल्यासारखं म्हणतात. सेहवाग म्हणजे आमचा जीव की प्राण, हे आधीच सांगून टाकतो. पण उत्तर द्यायचं तर ते धावफलक आणि बॅट समोर ठेवूनच द्यायला हवं.

पाय फारसे हलत नसत, हे खरं. पण फलंदाज पाय हलवतो ते कशासाठी? डोकं स्थिर राहावं, तोल जाऊ नये आणि बॅटला यायला मोकळी वाट मिळावी म्हणून. सेहवाग हे तिन्ही पाय न हलवता साधायचा. चेंडूच्या मागे न जाता तो किंचित लेगच्या बाजूला राहायचा. त्यामुळे ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला हात मोकळे सोडायला वीतभर जागा मिळायची. फटका मारताना डोकं मात्र जागचं हलायचं नाही. मान तिरकी नाही, नजर चेंडूवर, आणि बॅट शेवटच्या क्षणी झर्रकन यायची. 

त्याचा अपर कट, म्हणजे आखूड चेंडू स्लिपच्या डोक्यावरून मागे धाडायचा फटका, नीट बघा. चेंडू आखूड हवा, कमरेच्या वर हवा आणि अंगापासून लांब हवा. तो मागे रेलायचा, खालच्या हाताची पकड सैल सोडायचा आणि बॅटचं पातं चेंडूखाली घालायचा. ताकद गोलंदाजाचीच, दिशा तेवढी याची. हाच चेंडू बरगडीवर आला तर मात्र हात मोकळे होत नाहीत आणि झेल उडतो. गोलंदाजांना हे कळलं होतं, म्हणून ते त्याच्या अंगावर मारा करत. नव्या चेंडूवर तो असे फटके मारू लागला की कर्णधार थर्ड मॅन आणि डीप पॉइंट सीमारेषेवर पाठवायचा. हे दोन क्षेत्ररक्षक येणार कुठून? यष्टिरक्षकाशेजारी झेलासाठी उभ्या असलेल्या स्लिप आणि गलीतून. मग जी कड झेल ठरली असती ती चौकार ठरायची. लोक त्याला नशीब म्हणतात. ती जागा त्यानेच रिकामी करून घेतलेली असायची.

हे तंत्र प्रत्येक ठिकाणी चाललं का? नाही. चेंडू टप्पा पडल्यावर किंवा अगदी उशिरा वळतो तिथे बॅट आणि शरीर यांच्यातलं अंतर महागात पडतं. त्याचं कसोटी पदार्पणाचं शतक दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला, २००१ साली झालं. २००२ मध्ये ट्रेंट ब्रिजवर १०६ केल्या. त्यानंतर या दोन्ही देशांत त्याचं कसोटी शतक नाही, न्यूझीलंडमध्ये तर एकही नाही. २०११ मध्ये बर्मिंगहॅमला तो दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. ही उणीव झाकायचं काही कारण नाही. पण ‘तंत्रच नव्हतं’ म्हणणं आणि ‘तंत्राला मर्यादा होत्या’ म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता पाटा खेळपट्टी. मुलतानच्या ३०९ आणि चेन्नईच्या ३१९ धावा फलंदाजांच्या खेळपट्टीवर झाल्या, मान्य. मग श्रीलंकेतलं गॉल, २००८ घ्या. कोलंबोत भारत एक डाव आणि २३९ धावांनी हरून आला होता. त्यांचा फिरकीपटू अजंता मेंडिसचा बोटाने टिचकी मारून सोडलेला चेंडू कोणालाच वाचता येत नव्हता, आणि दुसऱ्या टोकाला मुरलीधरन. द्रविड २, तेंडुलकर ५, गांगुली ०. संघाच्या ३२९ पैकी २०१ धावा सेहवागच्या, त्याही अखेरपर्यंत नाबाद. १९९ वर असताना त्याने एक धाव नाकारली, कारण समोर अकरावा फलंदाज ईशांत शर्मा होता आणि त्याला स्ट्राइक द्यायची नव्हती. भारताने ती कसोटी १७० धावांनी जिंकली.

यातच ‘जबाबदारी’चंही अर्धं उत्तर आलं. उरलेलं अर्धं ॲडलेडला मिळतं, जानेवारी २००८ मध्ये. कसोटी वाचवायची होती. त्याने २३६ चेंडूंत १५१ केल्या, म्हणजे शंभर चेंडूंना ६४. एकूण कारकिर्दीत हाच वेग ८२ चा आहे. गरज पडली की त्याला वेग आवरता येत होता. त्या डावात दुसऱ्या कोणाच्याही २० च्या वर धावा नाहीत. आणि मेलबर्नच्या १९५ पासून गॉलच्या नाबाद २०१ पर्यंत त्याची सलग ११ कसोटी शतकं दीडशेच्या पुढे गेली. मटका सलग अकरा वेळा लागत नाही.

‘भराभर धावा म्हणजे प्रेक्षकांची करमणूक’ असंही म्हणतात. हिशोब करा. ८२ च्या वेगाने शतकाला १२२ चेंडू लागतात, ४५ च्या वेगाने २२२. वाचलेले शंभर चेंडू म्हणजे जवळपास १७ षटकं, आणि ती आपल्या गोलंदाजांना मिळतात. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात. त्याला वेळ हवा. डिसेंबर २००९ मध्ये ब्रेबॉर्नवर, मुंबईत ३६ वर्षांनी त्या मैदानावर कसोटी परतली तेव्हा, श्रीलंकेच्या ३९३ ला उत्तर देताना दुसऱ्या दिवसअखेर भारत १ बाद ४४३ होता आणि सेहवाग २८४ वर नाबाद. अजून तीन दिवस हातात होते. भारत डावाने जिंकला.

त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, चेन्नईत इंग्लंडने ३८७ चं लक्ष्य दिलं. चौथ्या दिवसाची संध्याकाळ, वळणारी खेळपट्टी. कोणीही बचावाचा विचार केला असता. सेहवागने ६८ चेंडूंत ८३ केल्या. दिवसअखेर १ बाद १३१, म्हणजे शेवटच्या दिवशी २५६ उरल्या. त्या तेंडुलकर आणि युवराज यांनी पुऱ्या केल्या. तेंडुलकर १०३ वर नाबाद राहिला. सामनावीराचा मान मात्र सेहवागला मिळाला.