अमेरिका बघायची तर एकदा इंटरस्टेट सोडा

"अमेरिकेत बघायचं काय? सगळी गावं सारखीच!" शिकागोत दर गणपतीला हे वाक्य कानावर पडतं. बोलणारा हमखास नायगारा आणि व्हेगस उरकून आलेला असतो. मोठ्या इंटरस्टेट महामार्गांनीच फिरलात तर सारखंच दिसणार. तेच पंप, तेच बर्गर. माझं म्हणणं एवढंच, की मेम्फिसला इंटरस्टेट सोडा, हायवे ६१ धरा आणि मिसिसिपी राज्यातल्या डेल्टात, म्हणजे कापसाच्या सपाट मुलखात, उतरा; तिथून पुढे न्यू ऑर्लिन्स. आणि कृपा करून घाई करू नका.

मेम्फिस ते क्लार्क्सडेल जेमतेम सव्वाशे किलोमीटर. आम्ही दोघांनी त्याला अख्खा दिवस दिला, कारण नवरा यवतमाळचा. कापसाची पऱ्हाटी दिसली की गाडी थांबते! क्षितिजापर्यंत फुटलेली बोंडं आणि वेचणीला माणूस एकही नाही. एक अजस्र यंत्र, त्यात बसलेला एकटा चालक.

त्या यंत्राचीही इथे एक गोष्ट आहे. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर १९४४ मध्ये पेरणीपासून वेचणीपर्यंत कापसाचं अख्खं पीक यंत्रांनी काढून दाखवलं गेलं. यंत्रं बनवणारी कंपनी आमच्या शिकागोची. काळे मजूर त्याआधीपासूनच उत्तरेकडे निघाले होते. यंत्रांनी उरलेल्यांचंही काम काढून घेतलं. शेजारच्या स्टोव्हॉल मळ्यावरचा गायक मडी वॉटर्स १९४३ मध्येच शिकागोला गेला आणि डेल्टातला ब्लूज, म्हणजे इथल्या काळ्या मजुरांचं गाणं, तिथे विजेच्या गिटारवर वाजवू लागला. तो राहायचा त्या लाकडी खोपटाचे अवशेष क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये आहेत. शिकागोत बिअर पीत वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्याचं घर एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जूक जॉइंट, म्हणजे ब्लूज ऐकायचा साधासा अड्डा. ठेंगणं छत, लाल दिवे, टिपांसाठी प्लास्टिकची बादली. म्हातारबुवा खुर्चीत बसून वाजवतात, बोटात काचेची नळी, तारेवर अशी मींड की नवऱ्याच्या तोंडून "क्या बात है" निघालंच. कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण तिथे सगळेच बोलतात. पुढच्या टेबलावरच्या आजी तर प्रत्येक ओळीला गायकाला उलट उत्तर देत होत्या. तिकीट काढून गपगार बसायचं गाणं नव्हे हे.

खाण्याचं म्हणाल तर हॉट तमाले. मक्याच्या पिठात मसालेदार मांस, वर कणसाची सालं गुंडाळून तिखट रश्श्यात उकळलेलं. सोबत खारी बिस्किटं. हा पदार्थ बहुधा कापूस वेचायला आलेल्या मेक्सिकन मजुरांकडून आला, असं सांगतात. शाकाहारी मंडळींनी मात्र प्रत्येक ठिकाणी विचारूनच मागवावं; पालेभाजीतही डुकराचं मांस असतं.

हे सगळं गोडगोड नाही. याच भागात १९५५ मध्ये शिकागोहून आईच्या मावशीच्या घरी आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मारून नदीत फेकलं. खटला समनरच्या कोर्टात चालला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना तासाभरात सोडून दिलं. नदीकाठच्या त्याच्या स्मारकफलकावर लोक इतक्या वेळा गोळ्या झाडत राहिले, की २०१९ मध्ये गोळी न भेदणारा फलक लावावा लागला. गाणं ऐकायला जाणाऱ्याने समनरला थांबलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पुढे नॅचेझला मळेवाल्यांचे, गुलामांच्या कष्टावर उभे राहिलेले, पांढऱ्या खांबांचे वाडे लागतात. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. मला ते जमलं नाही.

न्यू ऑर्लिन्सबद्दल वेगळं काय लिहू? बर्बन स्ट्रीटवर एक चक्कर पुरे. गाणं ऐकायला फ्रेंचमन स्ट्रीट. जॅझसाठीचा प्रिझर्वेशन हॉल १९६१ पासून चालू आहे, खोली लहान, बाकं कडक, तरी जाच.

जुलै-ऑगस्टात जाऊ नका, उकाडा कोकणातल्या मे महिन्याला लाजवेल असा. डेल्टात शुक्रवार-शनिवार पडेल असं बघा, कारण जूक जॉइंट बहुधा वीकेंडलाच उघडतात. सोमवार न्यू ऑर्लिन्ससाठी राखून ठेवा. तिथे पूर्वी सोमवार हा धुण्याचा वार. बायका कपडे धूत असताना चुलीवर तांबडा राजमा मंद शिजत राहायचा. धुणं यंत्रात गेलं, पण सोमवारचा राजमा-भात अजून गावभर मिळतो.