ब्रेक हाय की बे!

आमच्या ओम्नी व्हॅनचा ब्रेक गेला नव्हता, लागायचा, फक्त अर्ज करावा लागायचा. पहिल्यांदा दाबला की पॅडल पार तळाला, लगेच परत दाबला की जरा वर, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या सिग्नलला आपण पुढच्या रिक्षातल्या लोकांच्या गप्पा ऐकायला लागायचो. मागच्या चाकाच्या ड्रममधले शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, झिजून फट वाढली की असंच होतं म्हणे. मी दाखवलं होतं एका गॅरेजला, त्यानं हँडब्रेकची केबल आवळली, पैसे घेतले आणि "ब्रेक हाय की बे!" म्हणून पाठवलं. आता केबल आवळली की शू ड्रमकडं थोडे ओढले जातात, त्यामुळं चार दिवस पॅडल वर येतंसुद्धा, पण रोग आत तसाच. ह्याला मी रिपेअर म्हणत नाही, ह्याला समजूत काढणं म्हणतात.

तेवढ्यात भाच्याचं लग्न झालं आणि जोडप्याला घेऊन तुळजापूरला जायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, आई भवानी आहे ना. म्हटलं, आहेच, पण येताना घाट मलाच उतरवायचाय.

मग मे महिन्यातल्या रविवारी, सोलापूरच्या उन्हात, गल्लीतच व्हॅन जॅकवर घेतली. चाक निघालं, ड्रम काही निघेना. त्याला दोन आट्याची भोकं असतात, त्यात आठ एमएमचे बोल्ट घालून एकदा हा एकदा तो असं फिरवत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो, पण तोवर शेजारचे काका लुंगी सावरत आले, "काय करलाला बे? हातोडा घाल की!" त्यांच्या मागं अजून दोघं, एक कानडीत, एक तेलुगूत, दोघांचंही म्हणणं हातोडाच.

ड्रम उघडला तर आत चिखल. शू ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर गेलेलं, ब्रेक ऑईल गळून लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, तेलात भिजलेले, फट कमी करणारा ॲडजस्टर गंजून जाम. काका फुंकर मारायला वाकले, त्यांना मागं ओढलं, जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानंच पुसायची. लायनर पेट्रोलनं धुऊन वापरा असंही सुचवलं गेलं. तेल प्यालेला लायनर धुऊन सुधारत नाही, आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा, नाहीतर गाडी एकीकडं ओढते. बदलले.

खरी दुश्मन ती रिटर्न स्प्रिंग. पक्कडीत धरून ओढली, हुकात बसतीये बसतीये म्हणेपर्यंत टण्णकन सुटली ती समोरच्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांत. वहिनींनी स्प्रिंग परत दिली, एका कुरडईसकट, आणि बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

शेवटी ब्रेकच्या ऑईलमध्ये शिरलेली एअर काढायची. सगळ्यात लांबच्या चाकापासून, चाकामागच्या निपलला, म्हणजे एअर सोडायच्या छोट्या स्क्रूला, पाइप, पाइपचं टोक शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत, बरणीत थोडं ऑईल, आणि पॅडलवर बायको.

"दाब गं."

"दाबला."

"धरून ठेव. सोडू नको!"

"अहो, कधी सोडायचा ते तरी सांगाल का? काका विचारतायत चहा ठेवू का."

बुडबुडे थांबेपर्यंत आमच्या संसाराचा बराच जुना हिशोब त्या खिडकीतून बाहेर आला, मी निपल उघडत-आवळत ऐकत राहिलो, गल्लीपण ऐकत होती. पण पॅडल एकदम टणक!

घाट मस्त उतरला. परवा गॅरेजवाला पेट्रोल पंपावर भेटला, एकदा वाकून चाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "बघा मालक, मी आवळलेली केबल आता कशी सेट झाली."