प्रतिक्रियेला उत्तर : डिमेन्शिया, नातेवाईक आणि मोबाईल

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला घरी सांभाळताना इंटरनेटचा कसा उपयोग होतो, या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तालुक्याच्या गावी आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या माणसाचा वैताग त्यात आहे, आणि तो खोटा नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. असले लेख वाचून नातेवाईक मोबाईल नाचवत येतात, स्वतःच निदान करतात, गोळ्या मनाने चालू-बंद करतात, असं तुमचं म्हणणं. शिवाय पेशंटजवळ बसायचं सोडून ग्रुपवर बसतात, आणि जिला खरी गरज आहे तिच्याकडे ना इंग्रजी, ना स्मार्टफोन. शेवटी तुमचा प्रश्न : "हे सगळं तपासतं कोण?"

गोळ्यांबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. डिमेन्शियाचे रुग्ण सांभाळणाऱ्या नातेवाइकांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "बाबा संध्याकाळ झाली की आरडाओरडा करतात, अंगावर धावून येतात." पाच मिनिटांत उत्तर येतं, "आमच्याकडे क्वेटियापिनने फरक पडला, अर्धी देऊन बघा." सोबत स्ट्रिपचा फोटो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांना या जातीची, म्हणजे मनोविकारावरची (अँटिसायकोटिक) औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिलेला आहे. त्यात लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. फोटो टाकणाऱ्याला समोरच्याच्या बाबांचा प्रकार कुठला ते माहीत नसतं, आणि विचारणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतं. शिवाय आरडाओरडा दोन दिवसांत एकदम वाढला असेल तर मुळाशी लघवीचा संसर्ग असू शकतो, नाहीतर बद्धकोष्ठ, नाहीतर कुठेतरी दुखतंय आणि सांगता येत नाही. ते शोधायला तपासणी लागते, ग्रुप नाही. म्हणून आता आमच्याकडे औषधाचं नाव किंवा डोस टाकला की मेसेज उडतो, टाकणारा कितीही जुना सभासद असो. खोबरेल तेलाने अल्झायमर बरा होतो, हा फॉरवर्डही उडतो. (कोकणातल्या माणसांना तो फार पटकन पटतो, मी माहेरून आणि सासरून दोन्हीकडून कोकणातली. असो.)

पण मग ग्रुपवर उरतं काय? तर जे प्रश्न घेऊन तुमच्याकडे कुणी येतच नाही, ते.

आमच्या सासूबाई संध्याकाळी साडीचं गाठोडं बांधून दारात उभ्या राहायच्या. "घरी जायचंय, गुरं परतली असतील." आयुष्य डोंबिवलीत गेलं, हेच घर त्यांनी उभं केलं, पण दिवेलागणीला त्यांचं मन गुहागरकडच्या गोठ्यात असायचं. "आई, हेच तुमचं घर" म्हटलं की चिडायच्या, कडीशी झटापट करायच्या. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय करून घेतला, बी-१२ आणि थायरॉइड बघितलं, स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल ही गोळी सुरू केली, तीन महिन्यांनी बोलावलं. सगळं योग्यच. बाहेर बाकड्यांवर गर्दी बसलेली, त्यात गाठोड्याबद्दल काय विचारणार? ते मला नाशिकच्या एका सुनेने ग्रुपवर सांगितलं : वाद घालू नकोस. "हो, निघू या, आधी चहा घेऊ" म्हण, आणि गाईचं नाव विचार. कपिला आणि तिची पाडी यांच्यावर बोलता बोलता गाठोडं विसरलं जायचं. कधी कधी नाहीच जायचं, मग मी त्यांना घेऊन सोसायटीला एक फेरी मारून यायची.

जेवणाचंही तसंच. चमचा समोरून आणला की त्या ओठ गच्च मिटायच्या. टीपा स्नो या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टचे व्हिडिओ आहेत, त्यात आपला हात रुग्णाच्या हाताखाली ठेवून भरवायची पद्धत दाखवली आहे. ती बाई चमच्याने दाखवते, आपल्याकडे वरणभात हाताने. मी शेजारी बसून घास माझ्या बोटांत धरला, त्यांचा पंजा माझ्या हातावर ठेवला, आणि थांबले. थोड्या वेळाने हात तोंडाकडे त्यांनीच नेला. भरवलं मी, पण जेवल्या त्या. त्यांच्या दृष्टीने कुणी त्यांना भरवतच नव्हतं. हे कुठल्या प्रिस्क्रिप्शनवर लिहायचं, डॉक्टर?

"पेशंटजवळ बसायचं सोडून" हे मात्र मला लागलं. रात्री दोनला ग्रुपवर लिहिणारी बाई पेशंटजवळच बसलेली असते, म्हणून तर जागी असते.

आता तपासण्याबद्दल. वैद्यकीय चूक निदान तुमच्यासारख्या कुणाच्या तरी नजरेत येते. मला जास्त भीती वाटते ती कायद्याच्या माहितीची, कारण ती कुणीच तपासत नाही. न्यू जर्सीतला दीर प्रेमाने अमेरिकन लिंक पाठवतो, "पॉवर ऑफ ॲटर्नी करून घ्या." म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचं अधिकारपत्र. तिकडे ते असं करता येतं की माणसाची समज गेली तरी ते चालू राहतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणाऱ्याची मती गेली की अधिकारपत्रही संपलं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी. ज्यांना हे बँकेत गेल्यावर कळतं त्यांच्यापुढे बहुधा हायकोर्टाचा रस्ता उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पत्नीला, मुलांना पालक म्हणून नेमलेलं आहे, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. त्यामुळे निदान लवकर झालं असेल, माणसाला अजून सही कशावर करतोय ते कळत असेल, तर मृत्युपत्र, संयुक्त खातं, नॉमिनेशन तेव्हाच उरकावं. हे आम्हाला ग्रुपमधल्याच एका निवृत्त बँकवाल्याने सांगितलं, आणि मग आम्ही वकिलाकडून खात्री करून घेतली.

नीट तपासलेली माहिती नाहीच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने काळजी घेणाऱ्यांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने तो भारतीय कुटुंबांवर रीतसर चाचणी घेऊन बघितला, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तुम्हाला आवडतील असेच आहेत : बरेच लोक अर्ध्यात गळाले, आणि नातेवाइकांचं नैराश्य किंवा ओझं म्हणण्यासारखं कमी झालं नाही. रुग्णाकडे माणूस म्हणून बघण्याची दृष्टी तेवढी सुधारली. मला यात नवल वाटत नाही. दिवसभर रुग्णाचे कपडे बदलून थकलेली बाई रात्री धडा पहिला, धडा दुसरा करत बसणार नाही. तिला आत्ता, या क्षणी, आंघोळीला नको म्हणणाऱ्या माणसाचं काय करू एवढंच हवं असतं. अभ्यासक्रम वाईट नाही, पण तो मोकळा वेळ असलेल्या माणसासाठी लिहिल्यासारखा आहे, आणि डिमेन्शियाच्या घरात मोकळा वेळ म्हणजे काय ते तुम्ही कुणालाही विचारा.

जिच्याकडे ना इंग्रजी, ना स्मार्टफोन, या तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त दोन फोन नंबर आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. त्या घरांतल्या सुना-मुली माझा ब्लॉग वाचत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बटणांच्या साध्या फोनवरून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही फुकट. तिथून आजार बरा होणार नाही, पण सांभाळणाऱ्या बाईला निदान स्वतःबद्दल बोलता येईल. तिची तब्येत कुणी विचारत नाही.

आणि एक. नातेवाइकाने मोबाईल काढला की "तो आधी खिशात ठेवा" म्हणता, असं तुम्ही लिहिलंय. एकदा बघा त्यात काय आहे ते. आमच्या सासूबाई डॉक्टरांसमोर इतक्या व्यवस्थित बोलायच्या, वर "तुमची मुलं किती मोठी झाली?" असं विचारायच्या, की घरची कहाणी सांगणारी मीच खोटारडी ठरायचे. शेवटी ग्रुपवरच्या सल्ल्याने मी संध्याकाळचा एक छोटा व्हिडिओ नेला, तेव्हा कुठे पटलं. परवा एकीने सासऱ्यांचा रात्रीचा व्हिडिओ दाखवला : झोपेत लाथा, बुक्के, ओरडणं. घरच्यांना वाटत होतं भयंकर स्वप्नं पडतात. तिला आम्ही औषध सांगितलं नाही, निदानही सांगितलं नाही. हे लेवी बॉडी किंवा पार्किन्सनच्या वाटेवर दिसू शकतं, तेव्हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवच, इतकंच म्हटलं. ती तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी दवाखान्यात मोबाईल पुढे करून उभी राहील.

तुमच्या वेटिंग रूममध्ये त्या दोन नंबरांचा कागद लावाल का? मोठ्या अक्षरांत छापून मी पोस्टाने पाठवते. खाली तुम्हाला योग्य वाटेल ती एक ओळ घाला, "औषध विचारल्याशिवाय बदलू नका" घातलीत तरी चालेल.